सरासरी भरली, तरी सोयाबीन का करपलं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: बीड जिल्ह्यात आष्टीकडे पाच एकर कोरडवाहू जमीन. कागदावर तालुक्याचा पाऊस सरासरीच्या जवळ पोचला, तरी शेंगा भरायच्या वेळी सोयाबीन करपलं आणि विहीर फेब्रुवारीतच तळाला गेली. मोबाइलवर रोज 'पावसाची शक्यता' येते आणि पाऊस पडतो शेजारच्या गावात. मग ही माहिती कामाची कशी, आणि वापरायची तरी कशी?

कृषी हवामान सल्ल्याच्या कामात मी बरीच वर्षं आहे. माझं उत्तर आधीच सांगून टाकतो. हंगामाची सरासरी ही सरकारच्या आणि शास्त्रज्ञांच्या कामाची संख्या आहे, तिच्यावर शेत चालत नाही. तुमच्या पिकाचं भवितव्य दोन गोष्टी ठरवतात: पावसात खंड किती दिवसांचा पडला, आणि तुमची जमीन तेवढे दिवस ओल धरू शकते का. या दोन्ही तुम्हाला स्वतः मोजता येतात.

आधी सरासरीचं बघू. हवामान विभागाने महाराष्ट्राचे चार उपविभाग केलेत. जून ते सप्टेंबरचा सरासरी पाऊस कोकण-गोव्यात सुमारे २,९०० मिलिमीटर, विदर्भात साडेनऊशेच्या आसपास, मध्य महाराष्ट्रात साडेसातशे आणि मराठवाड्यात साडेसहाशेच्या जवळ. यातला मध्य महाराष्ट्र घ्या. त्यात कोल्हापूर-साताऱ्याचा घाटमाथाही येतो आणि सोलापूरही. दोन्हींची मिळून काढलेली सरासरी घाटमाथ्यालाही लागू पडत नाही आणि सोलापूरलाही. जिल्ह्याच्या पातळीवर आलात तरी उणे १९ ते अधिक १९ टक्के एवढ्या सगळ्या पट्ट्याला 'सामान्य' म्हणतात. म्हणजे ज्या जिल्ह्याची सरासरी ६०० मिमी आहे, तिथे ४९० झाला तरी सामान्य आणि ७१० झाला तरी सामान्य. त्यातला पाऊस वीस दिवस सलग पडला की चार महिन्यांत विखुरला, याबद्दल हा शब्द काहीच सांगत नाही. तुमच्याच जिल्ह्यात आष्टी-पाटोद्याकडचं पाऊसमान आणि अंबाजोगाई-परळीकडचं पाऊसमान वेगळं आहे, हे तुम्हाला सांगायला नको.

आष्टी कोरडी का, हे कळलं तर पुढचा अर्धा हिशेब सुटतो. अरबी समुद्रावरून आलेलं बाष्पाने भरलेलं वारं सह्याद्रीला अडून वर चढतं, थंड होतं आणि तिथेच रिकामं होतं. डोंगर ओलांडून खाली उतरताना तीच हवा तापते आणि कोरडी होत जाते. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस. तिथून वीस किलोमीटरही पूर्वेला नसलेल्या पाचगणीत त्याच्या तिसऱ्या हिश्श्याहून कमी. पुढे माण-खटावला पोचेपर्यंत पाचशेच्या आसपास. अहिल्यानगर, सोलापूर आणि तुमचा आष्टीचा भाग याच पर्जन्यछायेत येतात. जुलैमध्ये घाटात धो-धो कोसळत असताना तुमच्याकडे नुसतं ढगाळ आणि सुसाट वारा असतो, त्याचं कारण हेच.

तुमच्याकडचा पाऊस वेगळ्या वाटांनी येतो. एक म्हणजे बंगालच्या उपसागरातली कमी दाबाची क्षेत्रं. ती ओडिशा-छत्तीसगडवरून पश्चिमेकडे सरकतात आणि विदर्भ-मराठवाड्याला पाऊस देतात. दुसरी वाट दुपारनंतरच्या स्थानिक गडगडाटी पावसाची. हा पाऊस मॉन्सून स्थिरावण्याआधी आणि परतीच्या वेळी सर्वांत जोरात असतो. परिणामी घाटमाथ्याचा मुख्य महिना जुलै, तर पर्जन्यछायेच्या पट्ट्यात बहुधा सप्टेंबर.

तुमच्या सोयाबीनची अडचण इथेच आहे. जूनअखेर पेरलेलं सोयाबीन ऑगस्टच्या सुरुवातीला फुलावर येतं आणि ऑगस्टच्या उत्तरार्धात शेंगा भरतं. त्याला पाणी हवं तेव्हा तुमच्याकडे पाऊस कमी. पाऊस जोर धरतो तेव्हा पीक काढणीला आलेलं. सप्टेंबरच्या शेवटी दीडशे-दोनशे मिलिमीटर पडून सरासरी भरली, तरी करपलेल्या शेंगा काही भरत नाहीत. या भागातले जुने लोक खरिपात बाजरी, तूर, मटकी, हुलगा घेत आणि भारी जमीन पावसाळाभर मोकळी ठेवून सप्टेंबरच्या ओलीवर मालदांडी ज्वारी पेरत. त्या पीकपद्धतीत इथल्या पावसाचं वेळापत्रक पुरतं मुरलेलं होतं. सोयाबीनला भाव आणि हमखास गिऱ्हाईक आहे, ते का घेता हे मी जाणतो. पण हलक्या जमिनीवर, पाण्याची सोय नसताना, आष्टीत पाचही एकर सोयाबीन करणं मला धोक्याचं वाटतं आणि ते मी स्पष्ट सांगतो. निदान दोन एकर बाजरी-तूर आंतरपीक ठेवा.

आता जमिनीचा हिशेब. माझ्या मते या सगळ्या उत्तरातला सर्वांत उपयोगाचा भाग हाच. खरिपात भर वाढीतलं पीक आणि उघडी माती मिळून दिवसाला साधारण ४ ते ६ मिलिमीटर पाणी हवेत सोडतात. मीटरभर खोल काळ्या जमिनीत पिकाला उचलता येईल असं पाणी दीडशे ते दोनशे मिलिमीटर साठतं. मुरमाड, वीतभर-दीड वीत खोल जमिनीत ते तीस-चाळीसच्या वर जात नाही. भागाकार करून बघा. खोल काळी जमीन पूर्ण भिजलेली असेल तर पीक चार-पाच आठवडे तग धरतं. हलकी जमीन काठोकाठ भिजलेली असली तरी सहा ते आठ दिवसांत पीक मान टाकायला लागतं. बांधाला बांध असलेल्या दोन शेतांवर सारखाच पाऊस पडतो आणि एक हिरवं राहतं, एक वाळतं, त्याचं बरंचसं कारण मातीच्या या खोलीत असतं.

म्हणून पावसाळ्याआधी एक काम कराच. प्रत्येक तुकड्यात कुदळीने एक खड्डा घ्या, मुरूम किंवा खडक किती खोलीवर लागतो ते मोजा आणि वहीत लिहा. त्यावरून तुमची स्वतःची खंडाची मर्यादा ठरेल: या तुकड्याला आठ दिवस, त्या तुकड्याला अठरा. पुढच्या पाच दिवसांत पाऊस नाही असा अंदाज आला की आष्टीतल्या प्रत्येक शेताला त्याचा अर्थ वेगळा असतो, आणि तुमच्या शेतापुरता तो तुम्हालाच लावता येईल.

ऑगस्ट २०२३ आठवत असेल. १९०१ पासूनच्या नोंदींत देशभरातला तो सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला, पाऊस सरासरीच्या तब्बल ३६ टक्के कमी. जुलैचा पाऊस चांगला होता, सप्टेंबरमध्येही पाऊस परतला, त्यामुळे हंगामाच्या अखेरीस देशाचा आकडा ९४ टक्के दिसला. सहा टक्के तूट, ऐकायला फार मोठी नाही. पण शेंगा भरायचा तो एक महिना कोरडा गेल्यावर कोरडवाहू सोयाबीनवाल्यांच्या हाती काय राहिलं, ते तुम्ही पाहिलंय.

पीक विम्याच्या बोलण्यात २१ दिवसांच्या खंडाचा आकडा सतत ऐकू यायचा. कागदावर २.५ मिलिमीटर किंवा जास्त पाऊस झालेला दिवस 'पावसाचा दिवस' मोजतात. सतरा दिवस कोरडे गेल्यावर तीन मिलिमीटरची सर आली तर कागदावरचा खंड तुटतो. शेतात मात्र ती सर वरचा धुरळा बसवते आणि दुपारपर्यंत उडून जाते, मुळापर्यंत थेंब पोचत नाही. तुमच्या वहीत दहा मिलिमीटरच्या आतल्या सुट्या सरी धरूच नका. त्या वगळून मोजलात की पिकाने खरोखर किती दिवस पाण्याविना काढले ते दिसेल.

खंड लांबतोय असं दिसलं की काय करायचं? कोळपणी करा. तण निघतं, वरचा थर भुसभुशीत होतो आणि भेगांतून उडणारी ओल वाचते. सोयाबीनवर एक टक्का पोटॅशियम नायट्रेटची फवारणी, म्हणजे दहा लिटर पाण्यात १०० ग्रॅम १३:०:४५, थोडा ताण सोसायला मदत करते. पीक पार सुकल्यावर मारून उपयोग नाही, मर्यादेच्या आधी दोन-तीन दिवस मारा. पेरणीच रुंद वरंबा-सरी पद्धतीने केली असेल, किंवा दर चार-सहा ओळींनंतर मृत सरी, म्हणजे न पेरलेली मोकळी सरी, काढली असेल, तर जोराचा पाऊस सरीत थांबून मुरतो आणि जास्त झाला तर त्याच सरीतून निघून जातो. या पट्ट्यात तीच सरी दोन्हीकडून राखण करते, कारण हल्ली खंड आणि ढगफुटीसारखा पाऊस एकाच हंगामात येतात. २०२५ च्या सप्टेंबरमध्ये मराठवाड्यात काय झालं, सीनाकाठची शेतं कशी खरवडून गेली, हे ताजंच आहे.

हे निव्वळ आपल्याला वाटतंय असं नाही. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतल्या आणि बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी २००६ साली मध्य भारताच्या १९५१ ते २००० या काळातल्या नोंदी तपासून दाखवलं की अतिवृष्टीच्या घटना वाढल्यात आणि मध्यम पावसाच्या कमी झाल्यात. एकूण बेरीज मात्र फारशी हललेली नव्हती. हवा एका अंशाने तापली की ती सुमारे सात टक्के जास्त बाष्प धरू शकते, आणि सोडते तेव्हा एकदम सोडते. बेरीज तीच आणि वाटणी बिघडलेली, ही तुमचीच तक्रार आहे.

पेरणीची घाई याच्याच पोटातली. २०२५ साली मॉन्सून २४ मे रोजी केरळात आणि २६ मे रोजी मुंबईत पोचला. मुंबईची नेहमीची तारीख ११ जून. पण नंतर प्रवाह थबकला आणि जूनच्या मध्यापर्यंत राज्याच्या बऱ्याच भागांत उघडीप राहिली. मॉन्सून आल्याची घोषणा ही वारे, ढग आणि ठरलेल्या केंद्रांवरचा पाऊस यांवरून होते. तुमच्या शेतात ओल पुरेशी झाल्याची ती ग्वाही नव्हे. मृग निघाला, शेजाऱ्याने तिफण जुंपली, म्हणून पेरू नका. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन, वाफसा (ना चिखल ना कोरडी, अशी पेरणीजोगी माती) आल्यावर, आणि पुढच्या पाच-सात दिवसांत मोठी उघडीप दिसत नसेल तेव्हाच पेरा. दुबार पेरणीचं बियाणं आणि मजुरी परवडण्याजोगी आता राहिलेली नाही.

अंदाजाबद्दल तुमचा राग मी समजू शकतो, पण तो वाचण्यातही एक मेख आहे. हवामान विभागाच्या भाषेत 'तुरळक ठिकाणी' म्हणजे त्या भागातल्या जास्तीत जास्त एक चतुर्थांश केंद्रांवर पाऊस. 'काही ठिकाणी' म्हणजे पाव ते निम्म्या, 'बऱ्याच ठिकाणी' म्हणजे निम्म्या ते पाऊण, आणि 'बहुतांश ठिकाणी' म्हणजे त्याहून जास्त. बीड जिल्ह्यात तुरळक ठिकाणी मेघगर्जनेसह पाऊस असा अंदाज असेल आणि तुमच्याकडे थेंब पडला नाही, तर तो अंदाज चुकला असं होत नाही. तीन चतुर्थांश जिल्हा कोरडा राहणार हे त्यात आधीच सांगितलेलं असतं. या शब्दाच्या भरवशावर खत टाकू नका. 'बऱ्याच ठिकाणी' किंवा 'बहुतांश ठिकाणी' असेल आणि त्यामागे उपसागरातलं कमी दाबाचं क्षेत्र असेल, तेव्हा मात्र विश्वास ठेवून कामं आखा. असा पाऊस तीन-चार दिवस आधी बऱ्यापैकी कळतो.

सुट्या गडगडाटी ढगाचं गाव सांगणं आजही अवघड आहे. मे २०२५ मध्ये हवामान विभागाने ६ किलोमीटरच्या चौकटीचं भारत फोरकास्ट सिस्टीम हे अंदाजाचं नवं संगणकी प्रारूप सुरू केलं. ही मोठी प्रगती आहे. तरीही एका चौकटीत ३६ चौरस किलोमीटर येतात आणि दुपारी उठणारा ढग त्याहून लहान असू शकतो. पाऊस किती लहरी असतो याचं टोकाचं उदाहरण म्हणजे २६ जुलै २००५ ची मुंबई. सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर, आणि त्याच शहरात कुलाब्याला जेमतेम ७३. आष्टीत एका वाडीवर पाऊस आणि दुसरी कोरडी, यात नवल ते काय?

कोणत्या कामाला कोणता अंदाज, हे पक्कं करून घ्या. फवारणी आज करू की नको, याला तीन तासांचा तात्काळ अंदाज आणि रडारचं चित्र. खत, काढणी, मळणी यांना तीन ते पाच दिवसांचा. मंगळवारी आणि शुक्रवारी निघणारी कृषी हवामान सल्ला पत्रिका, जी मेघदूत ॲपवरही मिळते, आठवड्याच्या कामांसाठी. दर गुरुवारी चार आठवड्यांचा विस्तारित अंदाज येतो. त्यातून फक्त कल घ्या, तारखा घेऊ नका. आणि एप्रिलमध्ये जाहीर होणारा हंगामाचा अंदाज तुमच्या पाच एकरांसाठी नसतोच. तीच गोष्ट एल निनोची, म्हणजे प्रशांत महासागराचं पाणी नेहमीपेक्षा तापण्याची. १९९७ चा एल निनो अतिशय तीव्र होता आणि त्या वर्षी देशात पाऊस सामान्य झाला, २००९ आणि २०१५ मध्ये मात्र मोठी तूट आली. बातमी ऐकून पीक बदलण्याइतकं हे नातं सरळ नाही.

रंगांचाही अर्थ लक्षात ठेवा. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, केशरी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे आता हालचाल करा. लाल इशारा असताना ओढ्यावरच्या पुलावरून ट्रॅक्टर घालू नका, गुरं नदीच्या पात्रात बांधू नका.

विजेबद्दल हात जोडून सांगतो. तुमच्या भागात मे-जून आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये वीज पडून शेतात माणसं आणि जनावरं जातात. दामिनी ॲप आसपास पडणाऱ्या विजांचा इशारा देतं, ते घरातल्या प्रत्येक फोनवर ठेवा. चमक आणि गडगडाट यांच्यात तीस सेकंदांहून कमी अंतर असेल तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे. काम टाकून पक्क्या घरात जा, आणि शेवटचा गडगडाट होऊन अर्धा तास झाल्याशिवाय बाहेर येऊ नका. झाडाखाली तर मुळीच थांबू नका.

उन्हाचं तुम्ही विचारलं नाहीत, पण मजुरांसाठी सांगतो. मैदानी भागात पारा ४० च्या वर आणि सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी जास्त गेला की उष्णतेची लाट म्हणतात, ४५ ला पोचला तर थेटच. शरीर मात्र पाऱ्याबरोबर दमटपणाही मोजतं. १६ एप्रिल २०२३ रोजी नवी मुंबईत खारघरला उघड्या मैदानावर उन्हात बसलेल्यांपैकी काही जण उष्माघाताने दगावले, तेव्हा तिथलं तापमान चाळिशीच्या खालीच होतं. तुमच्याकडची मार्चची कोरडी झळ आणि पहिल्या वळवानंतरची कोंदट दुपार, यांत दुसरी जास्त घातक असू शकते. कामं सकाळी अकराच्या आत उरका.

एक पर्जन्यमापक बसवाच. तालुक्याचा आकडा महसूल मंडळांतल्या (काही गावांच्या गटांतल्या) स्वयंचलित केंद्रांवरून निघतो. तुमच्या मंडळाचं केंद्र दहा किलोमीटरवर असेल तर ते तुमच्या शिवारातला पाऊस सांगेलच असं नाही. अतिवृष्टीच्या मदतीसाठी मंडळातला २४ तासांत ६५ मिलिमीटरचा निकष बघतात, त्यामुळे हा फरक पैशातही मोजला जातो. महागडं यंत्र नसलं तरी चालेल. सरळ भिंतींचं, सपाट बुडाचं भांडं उघड्यावर ठेवा. झाड किंवा भिंत जितकी उंच, त्याच्या निदान दुप्पट लांब. रोज सकाळी साडेआठला पट्टीने पाण्याची उंची मोजा, कारण हवामान विभागाचा दिवसही तिथेच बदलतो. एक मिलिमीटर म्हणजे एकरी सुमारे ४,००० लिटर. गावातल्या चार-पाच जणांनी अशी नोंद ठेवली तर तक्रार मांडताना तोंडी बोलण्यापेक्षा तिला कितीतरी जास्त वजन येतं, सरकारी निर्णय मंडळाच्याच केंद्रावर झाला तरी.

राहिली विहीर. आपला दख्खनचा खडक बेसॉल्टचा. पाणी साठतं ते वरच्या झिजलेल्या थरात आणि भेगांत, तेही थोडंच. दिवसभर रिमझिम पडलेले ४० मिलिमीटर मुरतात. दीड तासात कोसळलेले ४० ओढ्याने निघून जातात आणि जाताना माती नेतात. तुमच्या आकड्यात दोन्ही सारखेच दिसतात. जायकवाडी भरली म्हणूनही तुमच्या विहिरीला आधार मिळत नाही, कारण ते धरण प्रामुख्याने नाशिक-अहिल्यानगरकडच्या पावसावर भरतं.

बांधबंदिस्ती, समतल चर, ओढ्याचं खोलीकरण ही कामं तुम्हाला माहीत आहेतच. एक सवय मात्र नव्याने लावा. भूजल सर्वेक्षण यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी ऑक्टोबर, जानेवारी, मार्च आणि मे अशी चार वेळा मोजते. तुम्हीही तेच करा: दोरीला दगड बांधून काठापासून पाण्यापर्यंतचं अंतर. ऑक्टोबरअखेर पाणी गेल्या चांगल्या वर्षापेक्षा दोन-तीन मीटर खाली असेल तर त्या रब्बीत कांदा लावू नका. एका एकरात हरभरा पेरा, त्याला फुलोऱ्याआधी एक आणि घाटे भरताना एक असं पाणी द्या, बाकी रान ज्वारीला सोडा. विहिरीत उरलेलं पाणी मे महिन्यात गुरांना आणि घराला लागणार आहे, ते आधी बाजूला धरून मगच पिकाचं क्षेत्र ठरवा.